संशोधन गटाचे ध्येय आणि गुणवत्तेची उद्दिष्टे : महाराष्ट्रातील दोन संस्थांच्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'दृष्टी, ध्येय व उद्दिष्टे' असा मजकूर आज सर्वत्र आढळतो. १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) स्थापन झाल्यानंतर या मजकुराला औपचारिक महत्त्व प्राप्त झाले. तथापि, संशोधकांच्या गटाने आपले ध्येय कसे ठरवावे आणि कामाची गुणवत्ता कशावरून ओळखावी, हा प्रश्न त्याहून जुना आहे. महाराष्ट्रातील दोन संस्थांच्या इतिहासात त्याची दोन भिन्न उत्तरे मिळतात. त्यांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माणसांच्या निवडीतून गुणवत्ता

१२ मार्च १९४४ रोजी डॉ. होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी संस्था स्थापन करण्याचा प्रस्ताव मांडला. भाभा तेव्हा बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत कार्यरत होते. या पत्रातील दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला, संस्थेचे काम जगातील उत्तम संस्थांच्या तोडीचे असावे. दुसरा, पुढील काही दशकांत अणुऊर्जेचा वापर सुरू होईल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. पहिल्या मुद्द्यात गुणवत्तेचा निकष आहे, तर दुसऱ्यात संस्थेचे प्रयोजन. किती शोधनिबंध प्रसिद्ध व्हावेत, याला त्यात स्थान नव्हते.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या वास्तूत आली. आधी पदे निर्माण करून ती भरण्यापेक्षा आधी समर्थ संशोधक शोधावा आणि त्याच्याभोवती गट उभा करावा, हे भाभांचे धोरण होते. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी सुरुवातीच्या काळातच संस्थेत आले. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी परतण्याची इच्छा पत्राने कळवली, तेव्हा भाभांनी असा गट स्थापन करण्याचा निर्णय घेतला. त्यांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये परतले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तारेच्या दोरांवर ताणलेल्या जाळीची रचना वापरल्यामुळे ॲन्टेनांचे वजन व खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. विश्वाच्या आरंभकाळातील हायड्रोजनचा वेध घेणे आणि स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास करणे, अशा वैज्ञानिक प्रश्नांच्या स्वरूपात या गटाची उद्दिष्टे मांडलेली होती.

आकड्यांत मांडलेली गुणवत्ता

दुसरे उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या प्रयोगशाळेने आयात मालाला देशी पर्याय देण्याचे काम दीर्घकाळ केले. १९८९ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर संचालक झाले. परदेशी तंत्रज्ञानाचा पर्याय शोधण्याऐवजी परदेशातील उद्योगांना विकता येईल असे नवे ज्ञान निर्माण करावे, अशी भूमिका त्यांनी घेतली. पॉलिकार्बोनेटविषयक पेटंटांमुळे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी प्रयोगशाळेचे सहकार्य जुळले.

१९९५ मध्ये माशेलकर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक झाले. जानेवारी १९९६ मध्ये परिषदेने २००१ सालापर्यंतचा दृष्टिलेख प्रसिद्ध केला. ५०० परदेशी पेटंटांचा संचय, ७०० कोटी रुपयांचे बाह्य उत्पन्न आणि त्यातील किमान निम्मे उद्योगांकडून, तसेच जागतिक स्पर्धेत टिकणारी किमान १० तंत्रज्ञाने अशी उद्दिष्टे त्यात होती. या आकड्यांमागे ठोस कारण होते. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. परिषदेने आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये ते रद्द झाले. बौद्धिक संपदेविषयी उदासीन राहणे देशाला परवडणारे नाही, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

तथापि, आकड्याचा स्वभाव असा की तो प्रयोजनापासून लवकर सुटतो. त्याच दृष्टिलेखात परवान्यांतून परिचालन खर्चाच्या १० टक्के रक्कम मिळवण्याचे उद्दिष्ट होते. म्हणजे पेटंट हे साधन आणि त्याचा उपयोग हे साध्य, हे भान मूळ आराखड्यात होते. पुढील काळात पेटंटांची संख्या वाढली, परंतु २०१६ मध्ये तत्कालीन महासंचालक डॉ. गिरीश सहानी यांना केवळ बायोडाटात भर घालण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या पेटंटांविषयी जाहीरपणे नापसंती व्यक्त करावी लागली. संख्या गाठणे सोपे आणि उपयोग सिद्ध करणे कठीण असल्यामुळे पहिल्याकडेच लक्ष गेले.

महाविद्यालयीन संशोधनाचा संदर्भ

हाच अनुभव महाविद्यालयांनाही आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाचे संशोधन गुणांकांत मोजले. त्यानंतर शोधनिबंधांची आणि नियतकालिकांची संख्या झपाट्याने वाढली. दर्जा राखण्यासाठी 'यूजीसी-केअर' ही निवडक नियतकालिकांची यादी तयार करण्यात आली. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. बाहेरून घातलेला निकष मागे घेतला गेल्याने नियतकालिकाचा आणि लेखनाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी पुन्हा महाविद्यालयांकडे व अध्यापकांकडे आली आहे.

देऊळगाव राजासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांना या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्यातीलच उदाहरण उपलब्ध आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर ज्वालामुखीने घडले की उल्काघाताने, हा वाद दीर्घकाळ चालला. स्मिथसोनियन संस्था व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या संशोधकांनी विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन खडक वर काढले. त्यांत प्रचंड आघाताखालीच बनणारी काच आढळली आणि १९७३ मध्ये हा निष्कर्ष 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे दाखवले. दोन्ही प्रसंगी प्रश्न नेमका होता आणि कोणता पुरावा पुरेसा ठरेल, हेही ठाऊक होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. संशोधन गटाचे ध्येय एखाद्या प्रश्नाच्या रूपात मांडता आले पाहिजे. गुणवत्तेचे उद्दिष्ट आकड्यात मांडण्यास हरकत नाही, मात्र तो आकडा कोणत्या प्रयोजनासाठी आहे, हे त्याच्याशेजारी लिहिलेले असावे आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासले जावे. तसेच, गटातील माणसांची निवड हाच गुणवत्तेचा पहिला निर्णय होय. लोणारच्या पाण्याचा, सूक्ष्मजीवांचा, वनस्पतींचा किंवा परिसरातील मंदिरांचा वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने नोंदी ठेवून अभ्यास करणारा विविध विषयांच्या अध्यापकांचा लहानसा गट जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. त्यासाठी माहितीपुस्तिकेतील ध्येयविधानाच्या जागी या गटाने स्वतःचा एक प्रश्न लिहून सुरुवात करणे इष्ट ठरेल.