हिराइझुमी येथील विहारांची याद

जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्य भागांत, इवाते प्रांतीं, हिराइझुमी नांवाचें लहानसें गांव आहे. पूर्वेस किताकामी नदी, उत्तरेस तिला मिळणारी कोरोमो, दक्षिणेस ओता व पश्चिमेस डोंगर, अशी त्याची चतुःसीमा. बाराव्या शतकांत येथें ओशू फुजिवारा घराण्याची राजधानी होती, हें आजची भातशेतें पाहून कोणाच्या ध्यानांत यावयाचें नाहीं.

घराण्याचा मूळ पुरुष कियोहिरा. सोनें व घोडे ही त्याच्या प्रांताची दौलत. त्यानें चूसोनजी विहार भरभराटीस आणिला. तेथील कोन्जिकिदो हें सुवर्णमंदिर इ. स. ११२४ मध्यें पुरें झालें व तें अद्याप उभें आहे. इ. स. ११८९ मध्यें कामाकुराच्या योरितोमोनें स्वारी केली, तेव्हां चौथा पुरुष यासुहिरा आपला वाडा पेटवून पळाला व स्वतःच्याच सेवकाकडून मारला गेला.

धनी गेला, आतां विहारांच्या जमिनींचें काय, ह्या चिंतेनें भिक्षूंनीं त्याच वर्षीं सर्व विहारांची याद करून विजेत्यास सादर केली. योरितोमोनें जमिनी पूर्ववत् चालविण्याचा कौल दिला. ही याद आज उपलब्ध आहे ती ‘आझुमा कागामी’ ह्या कामाकुराच्या बखरींत. म्हणजे जितांचा कागद जेत्यांच्या दप्तरानें राखिला.

अशा यादीवर विश्वास किती ठेवावा? चूसोनजींत चाळीसांवर देवालयें व तीनशेंवर भिक्षुगृहें होतीं, असें ती म्हणते. अर्जदार आपला पसारा वाढवून सांगतो, म्हणून हे आंकडे आम्ही जपूनच घेऊं. दिशांची गोष्ट निराळी. सरदारांचा वाडा सुवर्णमंदिरासमोर, मुर्योकोइन विहाराच्या उत्तरेस, असें यादींत आहे. आणि त्याच बखरीप्रमाणें थोड्याच दिवसांनीं योरितोमो स्वतः मुर्योकोइनच्या दर्शनास गेला. जें प्रत्यक्ष पाहिलें जाणार, त्यांत खोटें लिहिण्यांत लाभ कोणता?

कुदळीनेंही पुढें हाच निर्णय दिला. यानागी-नो-गोशो ही मुर्योकोइनलगतची जागा बहुतांशीं नदीनें खाल्ली, असा समज होता. इ. स. १९८८ पासून, बांध व रस्ता ह्यांच्या कामापूर्वीं, तेथें मोठें उत्खनन झालें. खंदक, इमारतींच्या खांबांचे खळगे, मेजवानींतील मातीच्या असंख्य वाट्या निघाल्या. हाच तो वाडा, असें बहुतेक संशोधक मानतात. जागा राखण्यासाठीं रस्त्याची आखणीही बदलली.

हस्तलिखितांची कथा याहून बोधप्रद आहे. कियोहिरानें निळ्या कागदावर एक ओळ सोन्याची, एक रुप्याची, असा संपूर्ण त्रिपिटक लिहविला. त्यांतील ४२९६ गुंडाळ्या सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेल्या गेल्या, त्या आज कोयासान येथें आहेत; चूसोनजींत उरल्या अवघ्या १५. इ. स. ११२६ च्या अर्पणलेखाचें मूळ नष्ट झालें; चौदाव्या शतकांतील नकलांवरूनच तो आपणांस वाचावयास मिळतो.

सुवर्णाक्षरी पोथी कोणीही जपतो. मालमत्तेची रुक्ष याद मात्र आमच्या संग्राहकांच्या हातून पुष्कळदां रद्दींत जाते. हिराइझुमीचा नकाशा अशाच एका यादीनें राखिला, एवढें लक्षांत घेऊन पुढील रुमाल सोडावा, अशी आमची विनंती आहे.