रानम्हशीची राखण

बेळ्ळंदूर येथील आमचे कन्नड शेजारी गव्याला 'काडुकोण', म्हणजे रानरेडा, म्हणतात. वस्तुतः गवा हा रेडा नव्हे. तो गोवंशाला जवळचा. खरी रानम्हैस निराळी, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ती आज केवळ गडचिरोली जिल्ह्यात उरली आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

एकेकाळी मध्य भारतातील नदीकाठच्या गवताळ रानांत तिचे कळप वावरत. शिकाऱ्यांच्या बंदुका, शेतीखाली गेलेली कुरणे, गुरांचे साथीचे रोग व पाळीव म्हशींशी होणारा संकर यांमुळे ती ओसरत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची शिकार निषिद्ध झाली. तथापि केवळ निषेधाने कळप वाढत नाहीत.

२००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्रा'ची तरतूद आली. असे क्षेत्र घोषित करण्यापूर्वी स्थानिक रहिवाशांशी विचारविनिमय करणे शासनास बंधनकारक ठरले. व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींना व स्वयंसेवी संस्थांनाही स्थान मिळाले. याच तरतुदीखाली २०१३ साली कोलामार्का येथील सुमारे १८० चौरस किलोमीटर वन रानम्हशींसाठी राखले गेले. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड असल्याने दोन्ही राज्यांचा मेळ मात्र अत्यावश्यक आहे.

परमुलुखातील आम्ही मराठी माणसे गडांविषयी, देवळांविषयी हिरिरीने बोलतो. ही मुकी ठेवही त्याच भूमीची होय. तिच्या स्थितीविषयी वनखात्याकडे पत्राने विचारणा करीत राहणे, हे दुरूनही पार पाडता येण्याजोगे कर्तव्य आहे.