वऱ्हाडातून बंदर पाहताना

अमरावती-अकोल्याच्या वाचकापुढे बंदरांचा विषय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपला काय संबंध? मुंबई इथून आगगाडीने जवळपास सहाशे किलोमीटर. खारे पाणी आपल्याला ठाऊक आहे ते पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले. तरीही बंदराची वाढ आणि किनाऱ्याचे जतन यांचा मेळ कसा घालावा, या अभ्यासाची सुरुवात वऱ्हाडातूनच करावी, असे मी आग्रहाने म्हणतो. आपली पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. पाण्याचे हे नाते जुनेच आहे. मालाचे नाते त्याहून ठळक आहे.

एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये जाऊन उभे राहा. सरकी खाली पडते, रुई पुढे सरकते, प्रेस ती दाबतो आणि साधारण १७० किलोची घट्ट गाठ बाहेर येते. अशाच गाठींनी एके काळी मुंबईचा किनारा बदलला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीच्या पैशावर समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या मुंबईत उभ्या राहिल्या. १८६५ मध्ये तेजी कोसळली, कंपन्या बुडाल्या; भराव मात्र राहिला. पुढे १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावसाठी जलंबहून फाटा निघाला आणि १८८० मध्ये मुंबईत प्रिन्सेस डॉक सुरू झाला. शेत, रूळ आणि गोदी ही एकाच साखळीची कडी होती. या इतिहासाचा मला अभिमान वाटतो. पण त्या भरावाखाली कोणाची खाजणे आणि कोणाच्या होड्या लावायच्या जागा गेल्या, हे आपल्या कापसाच्या इतिहासात क्वचितच नोंदले जाते.

या विषयाचा गाभा इथेच आहे. बंदराचा लाभ आत, दूरवर, पृष्ठप्रदेशात पसरतो; त्याचा भार मात्र एकाच किनाऱ्यावर, मोजक्या गावांवर बसतो. म्हणून लाभाच्या बाजूला बसलेल्या वाचकांनी दुसरी बाजू अधिक काळजीने वाचावी, अशी माझी विनंती आहे.

त्यासाठी आधी न्हावा-शेव्याकडे वळावे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदराने देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा उचलला. उथळ खाडीत मोठी जहाजे आणायची तर गाळ सतत उपसावा लागतो, आणि धक्का वाढवायचा तर भराव घालावा लागतो. भरावाने भरतीच्या पाण्याची वाट अडते. ती अडली की कांदळवन सुकते, आणि त्याच्या मुळांच्या आडोशाला वाढणारी कोळंबीची व माशांची पिल्ले नाहीशी होतात. पारंपरिक मच्छीमारांनी ही तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे नेली. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. केनियातल्या लामू बंदराबाबत २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानेही मच्छीमारांना भरपाई मंजूर केली. दोन्हीकडे हिशेब मागाहून मांडला गेला. तो आधी मांडता येतो का, हा विकसनशील देशांतल्या प्रत्येक बंदराचा प्रश्न आहे.

डहाणूजवळच्या वाढवणला होऊ घातलेल्या बंदराचे महत्त्व त्यामुळेच. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळले. नागपुरात वकिली केलेला हा विदर्भाचा माणूस त्या दूरच्या किनाऱ्याचा राखणदार झाला, याचे मला फार अप्रूप वाटते. १९९८ मध्ये प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना ‘लाल’, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, उद्योगांच्या वर्गातून वगळले, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. बाजू घेण्यापूर्वी १९९८ चा नकार आणि २०२३ ची संमती शेजारी ठेवून वाचा. मधल्या काळात समुद्र किती बदलला आणि नियम किती बदलले, याचे उत्तर तुम्हीच शोधावे.

बंदराच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. तिथे सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणून जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थेट लागू शकतील आणि आपल्या मालाला वाटेत परदेशी बंदरावर उतरावे लागणार नाही. मात्र त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. आपल्या भाषेत साडेतीन हजार एकरांहून जास्त. एवढ्या शिवारातल्या पऱ्हाटीचे पीक कायमचे गेले, तर आपण काय काय मोजू? मासळीच्या पाण्यालाही तोच हिशेब लावून पाहा.

कागदपत्रे वाचण्याआधी, जमले तर, एकदा वाढवणला जाऊन या. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडा. उधाणाच्या त्या दिवसांत ओहोटीचे पाणी सर्वांत दूर जाते. गावातल्या कोणाला तरी सोबत घ्या. नकाशावर नुसता निळा दिसणारा भाग तिथे काळ्या खडकांचा निघतो. त्यांवर शेवाळ, खळग्यांत अडकलेले पाणी, आणि त्या पाण्यात लहान मासे. खडकांना चिकटलेली शिंपली काढायला बायका टोपल्या घेऊन आलेल्या असतात. त्यांना काही विचारायचे असेल तर लवकर विचारा. पाणी फिरायची वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळते. त्या निघाल्या की तुम्हीही मागे फिरा.