आकस्मिक बहिरेपण, चक्कर आणि निदानाचा प्रवास : शवविच्छेदनापासून एमआरआयपर्यंत

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राचा इतिहास हा केवळ औषधांचा इतिहास नसून तो पुराव्याचाही इतिहास आहे. रोगाचे शरीरातील नेमके स्थान कशाच्या आधारे ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर कालपरत्वे बदलत गेले. एका कानाने अचानक ऐकू येईनासे होणे आणि त्याचबरोबर तीव्र चक्कर येणे या लक्षणांच्या बाबतीत हा बदल विशेष स्पष्टपणे दिसतो. कारण अंतर्कर्ण कवटीच्या अतिशय कठीण हाडात दडलेला आहे. प्रस्तुत लेखात इ. स. १८६१ ते २०१९ या कालखंडातील या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

शवविच्छेदनाचा पुरावा :

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी चक्कर मेंदूत रक्त साचल्यामुळे येते, असा समज दृढ होता. त्यामुळे रुग्णाचे रक्त काढणे, जळवा लावणे असे उपचार केले जात. पॅरिस येथील मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी जानेवारी १८६१ मध्ये तेथील वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचून या समजास आव्हान दिले. त्यांनी एका तरुणीचे उदाहरण दिले होते. थंडीत रात्रीचा प्रवास केल्यानंतर तिला अचानक बहिरेपण आले, सतत चक्कर व वांत्या होऊ लागल्या आणि पाचव्या दिवशी तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात मेंदू निर्दोष आढळला. मात्र अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांत तांबूस द्रव्य होते. फ्लूरां यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून या नलिकांचा तोलाशी असलेला संबंध आधीच पुढे आला होता. रोगाचे मूळ मेंदूत नसून कानात असू शकते, हे मेनिएर यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, त्यांचे निधन झाले.

तथापि मेनिएर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाची खरी विकृती त्या तरुणीच्या कानात आढळलेल्या विकृतीहून वेगळी निघाली. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये हॉलपाइक व केर्न्स यांनी आणि जपानमध्ये यामाकावा यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, या रोगात अंतर्कर्णातील द्रवाची पिशवी फुगलेली असते. हा पुरावाही मृत्यूनंतरचाच होता.

प्रतिमेचा उदय :

१९७१ मध्ये लंडनमध्ये सीटी स्कॅनद्वारे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. सीटीमुळे हाडाचे चित्र उत्तम मिळू लागले. परंतु हाडाआडचे मज्जातंतू व मेंदूचा मागील भाग धूसरच राहिला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवण्याची पद्धती प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफील्ड यांनी तिचा पुढे विकास केला. या दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआय मुख्यतः शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंकडून येणारे संकेत टिपते. त्यामुळे अंतर्कर्णातील द्रव तेजस्वी आणि अंतर्कर्णाकडे जाणारे मज्जातंतू गडद रेषांसारखे दिसू लागले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गॅडोलिनियमयुक्त औषध वापरात आल्यानंतर श्रवण-मज्जातंतूवरील काही मिलिमीटरची गाठही ओळखता येऊ लागली. आकस्मिक बहिरेपणाच्या मोजक्याच रुग्णांत अशी गाठ सापडते; परंतु ती वेळीच कळणे महत्त्वाचे असते. २००७ मध्ये जपानमधील नागोया येथे नाकाशिमा व सहकाऱ्यांनी मेनिएर रोगातील फुगलेली पिशवी जिवंत रुग्णाच्या कानात प्रतिमेद्वारे दाखवली. जे १९३८ मध्ये मृतदेहातच पाहता येत होते, ते सुमारे सत्तर वर्षांनी जिवंत माणसात दिसू लागले.

प्रतिमेच्या मर्यादा :

बहिरेपण व चक्कर एकत्र आल्यास आणखी एक शक्यता गंभीर ठरते. अंतर्कर्णास रक्त पुरवणारी धमनी बहुधा लहान मेंदूच्या धमनीचीच शाखा असते. त्यामुळे कानाचा वाटणारा विकार प्रत्यक्षात मेंदूतील रक्तपुरवठा खंडित झाल्याचे चिन्ह असू शकतो. म्हणजे मेनिएर यांनी मेंदूकडून कानाकडे वळवलेली दृष्टी येथे पुन्हा मेंदूकडे न्यावी लागते. अमेरिकेत १०१ रुग्णांच्या अभ्यासातून २००९ मध्ये असे दिसून आले की, पक्षाघाताच्या १२ टक्के रुग्णांत सुरुवातीचा एमआरआय निर्दोष आला होता. उलट डोळ्यांच्या हालचालींच्या तीन साध्या चाचण्या अधिक संवेदनक्षम ठरल्या. शिवाय आकस्मिक बहिरेपणाच्या बहुसंख्य रुग्णांत एमआरआयमध्ये कोणतेही कारण आढळत नाही. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत मज्जातंतूची तपासणी सुचवलेली आहे, तसेच स्टेरॉइड द्यावयाचे झाल्यास ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करावे असेही नमूद आहे. म्हणून केवळ प्रतिमेची वाट पाहत उपचार लांबवणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, नव्या साधनाने जुना पुरावा रद्द केला नाही. त्याचे स्थान बदलले. मेनिएर यांचा आधार शवविच्छेदन हा होता, परंतु शवविच्छेदनाला अर्थ मिळाला तो त्या तरुणीच्या लक्षणांच्या काळजीपूर्वक नोंदीमुळे. हेच तत्त्व एमआरआयलाही लागू पडते. प्रतिमा निर्दोष आहे म्हणून रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला साधनाच्या मौनाचा अर्थ जपून लावावा लागतो. वैद्यकातही तीच सावधगिरी आवश्यक आहे.