नोटांवरील चित्रे, भारतीय

कागदी चलनावर छापण्यात येणारी चित्रे, चिन्हे व आकृतिबंध. त्यांचे कार्य दुहेरी असते : बारीक रेखांकनामुळे नोटेची नक्कल करणे अवघड व्हावे आणि नोट काढणाऱ्या सत्तेची ओळख पटून धारकाचा तिच्यावर विश्वास बसावा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इलाखा बँका नोटा काढीत. बँक ऑफ बेंगॉलच्या काही नोटांवर बंदराच्या धक्क्यावर बसलेली, व्यापाराचे प्रतीक असलेली स्त्री दाखविलेली असे. तर बँक ऑफ बाँबेच्या (स्थापना १८४०) नोटांवर मुंबईचा टाउन हॉल, तसेच मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम यांचे पुतळे आढळतात. १८६१ च्या कागदी चलन अधिनियमान्वये हा अधिकार सरकारकडे गेला. सरकारच्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचे चित्र होते. परंतु बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्यामुळे १८६७ मध्ये त्यांच्या जागी पार्श्वभूमीवर नक्षी असलेल्या, राजमुद्रेविना नोटा आल्या. केवळ राणीच्या चित्राने चलनाचे रक्षण होत नाही, हे यावरून दिसून आले.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई भासल्याने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढण्यात आली. तीवर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचेच चित्र होते. कागदाने नाण्याची पत उसनी घेतली, असे म्हणता येईल. १९२३ मध्ये दहा रुपयांच्या नोटेवर राजाचे चित्र आले. १९२८ पासून नासिक येथे नोटांची छपाई सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतरही काही काळ सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटा निघत राहिल्या. त्याच्या जागी महात्मा गांधींचे चित्र घालण्याचा विचार होऊन तसे नमुनेही तयार झाले; परंतु अखेरीस सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष पसंत करण्यात आले व १९४९ मध्ये ते एक रुपयाच्या नोटेवर छापले गेले. अशा रीतीने व्यक्तीची जागा राष्ट्रचिन्हाने घेतली. १९५४ मध्ये निघालेल्या पाच हजारांच्या नोटेवर मुंबईचे ‘गेटवे ऑफ इंडिया’ होते. ही नोट १९७८ मध्ये रद्द झाली.

गांधींचे चित्र प्रथम १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त आले. त्याच्या पार्श्वभूमीस सेवाग्राम आश्रम होता. १९७० नंतरच्या दशकांत धरण, शेती, आर्यभट उपग्रह आदी विकासाची प्रतीके दिसू लागली. १९८७ मध्ये पाचशे रुपयांच्या नोटेवर गांधींचे चित्र पुन्हा आले व १९९६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेपासून ते सर्वत्र रूढ झाले. २०१९ च्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागील बाजूस वेरूळची लेणी आहेत.