वग लागायच्या आधी

बार्शी लाइट येडशीला थांबते तेव्हा ऊन कलतीला लागलेलं असतं. सन 1981, चैत्र वद्य. मागं कुर्डुवाडी, पुढं लातूर, मधे ही अडीच फुटी रुळांची गाडी. 1911 पासून ती लातूरपर्यंत पळते. पळते म्हणजे आपलं म्हणायला. तुम्ही रुळाशेजारी उतरता, कपड्यांवरची राख झटकता. जिल्ह्याचं नाव दप्तरात उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. दप्तराला लोकांपर्यंत पोचायला अजून बेचाळीस वर्षं लागायचीत. लातूर अजून याच जिल्ह्यात आहे, पुढल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत. येरमाळ्याच्या येडाईची पुनव होऊन आठवडा झालाय, चुना वेचून माणसं घरी परतलीत, आणि आता गावोगावच्या जत्रा लागल्यात.

कालपर्यंत तुमच्या कानात पिंक फ्लॉइड होतं. ते असू द्या, त्यांचा विषय पुढं निघणारच आहे.

रामलिंगाचं रान ओलांडून गावात शिरलात की आधी मटणाचा वास येतो. कंदुऱ्या झाल्यात, ओसऱ्या पाहुण्यांनी भरल्यात, येसर घातलेल्या रश्शात भाकरी कुस्करणं चालू आहे. कुणाचे पाहुणे, असं कुणीतरी विचारणारच. पाटलांकडं आलोय म्हणा. जत्रेदिवशी पाटलांकडं कोण-कोण आलंय हे पाटलांनाही ठाऊक नसतं. कुस्त्यांचा फड नुकताच मोडलाय. शाळेमागच्या पटांगणात दुसऱ्या फडाच्या, तमाशाच्या, दोन लाऱ्या उभ्या आहेत. पोरं लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकतायत, राहुट्यांचे खुंट ठोकतायत.

पारालगत हॉटेल आहे. पत्र्याचं शेड, एक भट्टी, दोन बाकडी, परातीत गोडीशेव. तिथं बसा. रात्रीचा कार्यक्रम फळ्यांवर होणार असला, तरी चाहत्यांचा कार्यक्रम इथंच होतो, आणि तो दुपारीच सुरू झालेला आहे.

"विठाबाई आणायची हुती," बप्पा म्हणतात. डोक्याला गुलाबी फेटा, हातात बशी. "पट्टीच पुरली न्हाई."

"पट्टी पुरली असती बप्पा, तारीख न्हवती. पाडव्यालाच नारायणगावला सुपाऱ्या फुटत्यात. आपली माणसं गेली कव्हा? पाडवा झाल्यावर."

"तू गप. म्या विठाबाई बघितलीया."

एवढं म्हटल्यावर हॉटेलात शांतता. मग बप्पा ती गोष्ट सांगतात. दिवस भरलेले असताना विठाबाई नाचायला उभी राहिली, मधेच कनातीमागं गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा लोकांपुढं येऊन उभी राहिली. गोष्ट महाराष्ट्रभर सांगतात. फक्त ज्या तालुक्यात ती ऐकाल, त्या तालुक्यातच ती घडलेली असते आणि सांगणारा पहिल्या रांगेत असतो. बप्पाही पहिल्या रांगेत होते. त्यांना अडवायला जाऊ नका. 1957 साली राष्ट्रपतींनी विठाबाईंचा गौरव केला, हे बप्पांना माहीत आहे. 1990 साली तो पुन्हा व्हायचा आहे आणि 2002 च्या जानेवारीत हलाखीत त्यांचा शेवट व्हायचा आहे, हे फक्त तुम्हाला ठाऊक.

विषय काळू-बाळूवर जातो. कवलापूरचे हे जुळे भाऊ 'जहरी प्याला'त हवालदार झाले आणि त्या सोंगांचीच नावं त्यांना जन्मभर चिकटली. एक आत गेला की दुसरा बाहेर, आणि कोणता कोणता ते ओळखू येत नाही, हे सांगतानाच एकाच्या तोंडातला चहा नाकात जातो. हे त्यानं स्वतः पाहिलंय की चुलत्याकडून ऐकलंय, देव जाणे. आता तुम्ही भाबडेपणानं विचारा, प्याला शेवटी कुणी कुणाला पाजला? सगळे एकमेकांकडं बघतात. बप्पा बशी पुसतात. दादू इंदुरीकर गेल्या वर्षी गेले, त्यांचं नाव निघालं की हळहळ सुरू होते. पण 'गाढवाचं लग्न'मधलं काय सांगतात? सावळ्या कुंभार कसा चालायचा, कसा थांबायचा, कुठं डोळे फिरवायचा. कथा कुणीच सांगत नाही. हे ध्यानात असू द्या.

एवढ्यात एक बारका, काळासावळा माणूस येतो आणि बाकड्यावर न बसता खांबाला टेकून उभा राहतो. हॉटेलवाला कोनाड्यातली कान तुटलेली कपबशी काढतो, तिच्यात वरून चहा ओततो. पिऊन झाल्यावर तो माणूस ती स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवतो. याच रुळांवर पुढं कसबे तडवळे आहे. 1941 साली तिथं महार-मांग वतनदारांच्या परिषदेला बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्याला चाळीस वर्षं झाली. कोनाडा आहे तिथंच आहे. चहा पिता-पिता तो माणूस गमतीगमतीत चौकशा करतो. सरपंच कोण, ग्रामसेवक कुठला, एसटी येते का, यंदा लग्न कुणाचं मोडलं? लोक हसत सांगतात. आपण रात्रीचा दारूगोळा पुरवतोय हे त्यांना माहीत आहे. आपलं नाव त्यात नसावं आणि शेजाऱ्याचं असावं, एवढीच प्रत्येकाची इच्छा. तो फडाचा सोंगाड्या आहे.

रात्री दहाच्या सुमाराला जागा धरा. गोणपाट आणलं नसेल तर पायातल्या चपला काढून त्यांवर बसा, म्हणजे चपलाही राहतील आणि जागाही. फडाचं जनरेटर फटफटतंय, वरून दोन माइक लोंबतायत. फळ्यांच्या कडेला हलगीवाल्यानं कडबा पेटवलाय. तो हलगी आगीवर धरतो, फिरवतो, चामड्यावर बोटानं टिचकी मारतो, कान लावतो. पुन्हा शेकतो, पुन्हा टिचकी. सैल चामडं बद बोलतं, तापलेलं खणकन. जास्त तापलं तर फाटतं, म्हणून त्याची नजर चामड्यावरून हलत नाही. शेजारी ढोलकीवाला दोरीतल्या कड्या सरकवत शाईची बाजू स्वरात आणतोय. गर्दी बोलतेय, पोरं रडतायत, पण ती टिचकी सगळ्यांना ऐकू येते.

आणि मग जुगलबंदी. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात लांब बारीक काडी. हलगी प्रश्न टाकते, ढोलकी उत्तर देते. आधी सावकाश, ऐसपैस. मग प्रश्न संपायच्या आत उत्तर. मग दोघांचं मिळून एकच काहीतरी, जे छातीच्या पिंजऱ्यात वाजतं. तुम्ही मोठमोठ्या स्पीकरच्या भिंतींपुढं उभे राहिलेले आहात. इथं एक चामडं आणि दोन काड्या आहेत, आणि अंगावरचे केस तसेच उभे राहिलेत. शेजारचा शेतकरी डोळे मिटून डुलतोय. त्याला 'सायकेडेलिक' म्हणाल तर तो 'काय म्हनालाव पाहुणं?' विचारील. तेव्हा म्हणू नका.

गण लागतो. गणपतीला बोलावणं झाल्याशिवाय तमाशा पुढं सरकत नाही. सरदार कानावर हात ठेवून वरची पट्टी धरतो, तुणतुणं एकाच सुरात हट्टानं वाजत राहतं, मागचे सुरत्ये त्याचं शेवटचं अक्षर झेलून 'जी जी'नं आभाळात फेकतात. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्यात. मघाशी याच लोकांनी कोनाड्यातली कपबशी पाहिलेली आहे. हे दोन्ही एकाच गावात कसं मावतं, याचा उलगडा मला कधी झाला नाही.

मग गवळण. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, म्होरक्या मावशी आहे. ही मावशी म्हणजे दुपारचाच माणूस. नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू, दात नसल्यासारखे ओठ आत ओढलेले. टाळ्या ती काही बोलायच्या आधीच पडतात. पेंद्या वाट अडवतो.

"मथुरेला कशानं चाललीस, मावशे?"

"बार्शी लाइटनं."

"डोक्यावर काय?"

"दूध हाय, लेकरा. बार्शी येईस्तोवर दही हुईल, कुर्डुवाडीला ताक-लोणी, आन् मथुरंत उतरून रोकडं तूप इकायचं. आमाला घुसळायचंबी काम न्हाई, गाडीच घुसळती!"

पटांगण फुटतं. आणि हसू फक्त खालून येत नाही, वरूनही येतं. मान वर करा. चारी बाजूंच्या माळवदांवर काळोखात बाया बसल्यात. बायांनी तमाशाला यायचं नसतं; पण माळवद स्वतःचं आहे, त्यावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. मावशीला हे पक्कं माहीत आहे. ती पदर सावरून थेट वर बघते. "आवं वैनी, तुमीच सांगा, ह्यांच्या भरवशावर बसलो असतो तर दही तरी लागलं असतं का?" वरून बांगड्यांचा आणि हसण्याचा एकच कल्लोळ. खाली नवरेमंडळी मिशा चोळतायत.

माळवदांकडं बघून तुमच्या पोटात गोळा येतो, कारण तारीख तुम्हाला पाठ आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आत. लोहारा-उमरग्याकडची अशीच माळवदं, खाली दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा थर, झोपलेल्या माणसांवर बसायची आहेत. तुम्ही मान खाली घेता. मावशी आता ग्रामसेवकावर घसरलीय.

या महिन्या-दोन महिन्यांत, जूनमध्ये, लंडनच्या अर्ल्स कोर्टात पिंक फ्लॉइडवाले 'द वॉल' वाजवणार आहेत. तिथं पडदा उघडल्यावर जे चौघं वाजवताना दिसतात ते फ्लॉइड नसतात. त्यांच्या तोंडाचे मुखवटे घातलेली दुसरीच माणसं असतात. लोक जल्लोष करतात आणि मग कळतं की फसलो. त्याचं केवढं कौतुक झालं! खरं तर मुखवट्यामागं कोण आहे हे लोकांना माहीत असूनही ते फसायला तयार होतात, ही मजा जास्त अवघड, आणि ती इथं विनातिकीट चाललीय. जिमी हेंड्रिक्सचं तर त्याहून वाईट झालं होतं. 1967 साली तो 'मंकीज'च्या आधी वाजवायचा आणि पोरी मंकीजच्या नावानं ओरडायच्या. थोड्याच कार्यक्रमांनंतर तो दौरा सोडून गेला. आज मंकीजचे चाहतेसुद्धा अभिमानानं काय सांगतात? आमच्या कार्यक्रमाला आधी हेंड्रिक्स होता.

बतावणीत दुपारच्या चौकशांचा हिशेब चुकता होतो. मोडलेलं लग्न येतं, न येणारी एसटी येते, सरपंचाची नवी मोटारसायकल येते. सरपंच सगळ्यांत मोठ्यानं हसतात. त्याशिवाय त्यांना इलाज नाही. नंतरच्या रंगबाजीचं मी फार सांगत नाही. लावण्या होतात, फर्माइशी होतात, नोट दाखवून नाव पुकारून घेणारे हौशी उठतात आणि दौलतजादा होतो. जे चांगलं असतं ते फार चांगलं असतं, जे नसतं ते सगळीकडं सारखंच असतं. पुढं हीच रंगबाजी फुगत जाईल, सिनेमाची गाणी येतील, ऑर्केस्ट्रा येईल, गण-गवळण उरकायची गोष्ट होईल. 2020 आणि 2021 चे हंगाम करोनात बुडाल्यावर कित्येक फडांना लाऱ्यांचे हप्तेही झेपणार नाहीत. लोक म्हणतील, आता कथा कुणाला बघायची असते? कथा तेव्हाही फारशी कुणी बघत नव्हतं, हे मात्र कुणी म्हणणार नाही.

कारण वग लागतो तेव्हा दोन वाजून गेलेत. चंद्र आत्ताशी वर चढलाय. कुणी राजा आहे, फितूर प्रधान आहे, वनवासात धाडलेली राणी आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नाव या वगाचंच होतं, पैसा यालाच, पोशाख यालाच. पण मटण अंगावर आलंय, पोरं मांडीवर झोपलीत, बप्पांचा फेटा पुढं झुकलाय. प्रधान तलवार उपसतो आणि तुमच्याही पापण्या मिटतात. मधेच ढोलकीची थाप पडली की सगळं पटांगण दचकून जागं होतं, दोन वाक्यं ऐकतं आणि पुन्हा पेंगतं.

सकाळी हॉटेलात बाकडी कालच्यासारखीच भरलेली. लाऱ्या उठल्यात, आज दुसरं गाव, दुसरी सुपारी. सोंगाड्या जाताना चहा पिऊन गेला असावा, कोनाड्यातली कपबशी ओली आहे.

"राजा मेला का वाचला?" एक पोरगं विचारतं.

"मेला की."

"मेला कशाचा? राणी घिऊन गेला."

"ते प्रधान रं. राजा तर आधीच..." इथं सांगणारा थांबतो. बप्पा तुमच्याकडं वळतात. "पाहुणं, तुमी शहरातलं. जागं हुता का?"

तुम्ही खरं सांगता, की प्रधानानं तलवार काढली तिथवरच. सगळ्यांना फार बरं वाटतं. मग हॉटेलवाला भट्टीमागून मावशीचा आवाज काढतो, "बार्शी येईस्तोवर दही..." आणि सगळे एका सुरात पुढचं म्हणायला लागतात. एक सोडून. त्याचं म्हणणं, लोणी कुर्डुवाडीला नव्हतंच, शेंद्रीला आलं होतं.

"शेंद्रीला? गाडी थांबती का शेंद्रीला?"

"म्हणूनच तर आलं! उगं थांबली, हादरा बसला, लोणी वर आलं. त्येच तर इनोद हुता!"

"आरं, कानात कापूस घालून बसलता का? कुर्डुवाडी म्हनली ती!"

बप्पा बशी खाली ठेवतात. आता या वादात ते उतरणार, आणि तुमची लातूरकडची गाडी दहा वाजता आहे. ती वेळेवर यायची काळजी करू नका.