फॅरिंग्डन रोडवरची ताडपत्री

कॉलर वर करा, गारठा आहे. १९६० मधली शनिवारची सकाळ, लंडनचा फॅरिंग्डन रोड. भिंतीला लागून ताडपत्रीनं झाकलेल्या हातगाड्या उभ्या आहेत. जेफरी घराण्याची ही तिसरी पिढी इथे जुनी पुस्तकं विकते. भिंतीपलीकडे खाली खोलात आगगाडी धडधडते आणि तुमच्या तळपायांना ती आधी कळते. स्मिथफिल्डच्या मटणबाजाराकडून वारा येतोय. कच्चं मांस, ओली लोकर, कोळशाचा धूर, सगळं एकदम नाकात जातं.

तुमच्या दोन्ही बाजूंना ओव्हरकोट. कुणी बोलत नाही. लोकल फलाटात शिरताना माणसं पायांवर भार तोलतात ना, तसे सगळे उभे आहेत.

ताडपत्री सरकली! बरगडीत कोपर बसलं, कुणाची तरी टोपी पडली. बघत काय बसलात, हात घाला! जाडजूड काही लागलं की आधी छातीशी धरा.

आता बघा. ‘द आयरिश गार्ड्स इन द ग्रेट वॉर’, दुसरा खंड, १९२३. पलटणीचा इतिहास. लेखक रुडयार्ड किपलिंग, आपल्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला. पान उलटताच दमट कपाटाचा वास येतो. लेखकाच्या छापील नावावर शाईची आडवी रेघ आहे आणि खाली सही. कुणी पुस्तक खराब केलं म्हणून हळहळू नका. छापील नाव खोडून हातानं लिहायचं, ही किपलिंगची सवयच होती. पान उजेडात तिरकं धरा. छापलेली सही सपाट दिसते. इथे प्रत्येक वळणावर शाई गडद साचलीय. श्वास रोखलात ना?

शेजारचा ओव्हरकोट खांद्यावरून डोकावतोय. त्याच्याकडे पाठ करा आणि सहीवर थांबू नका. सही मिळाली की पुस्तक न वाचताच कपाटात ठेवणारे मला कधीच समजले नाहीत. लोसची लढाई काढा, सप्टेंबर १९१५. पलटणीच्या रोजनाम्यांवरून, परतलेल्यांना विचारून, पाचेक वर्षं खपून लिहिलेला मजकूर आहे हा. खडूच्या खाणीजवळचं रान, मशीनगनचा मारा, पडलेल्या अधिकाऱ्यांची नावं. त्यांत एक सेकंड लेफ्टनंट किपलिंग, जखमी आणि बेपत्ता.

हा जॉन. लेखकाचा एकुलता एक मुलगा, १८ वर्षांचा. नजर अधू म्हणून सैन्यानं नाकारलेला. बापानंच ओळखीच्या फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकून त्याला या पलटणीत घातलं होतं. आणि पुढच्या वाक्यात लढाई चालूच राहते.

पुन्हा सहीकडे या. त्याच हातानं ती ओळ लिहिलीय.

गाडीवाला किंमत सांगतोय. खिशातले शिलिंग मोजा, पण पुस्तक मिटू नका. अंगठा त्या पानातच राहू द्या.